कंपनी कच्ची असताना अर्न्ड व्हॅल्यू सुरू करावं का?

मोजपट्टी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, ईव्हीएम म्हणजे मतदान यंत्र नव्हे, अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट: ठरलेलं काम, झालेलं काम आणि झालेला खर्च, तिन्ही रुपयांत मांडून ताडून बघायची पद्धत.

मी एका मध्यम कॉन्ट्रॅक्टरकडं प्लॅनिंग इंजिनिअर आहे. आमची सगळी कामं सरकारी पाणीपुरवठ्याची. सध्याची साईट माणदेशात आहे: ४६ किमी पाइपलाइन, चार उंच टाक्या, एक जलशुद्धीकरण केंद्र. टेंडर ३८ कोटींचं, आमचं आतलं बजेट साडेतेहतीस कोटी. प्लॅनिंग डिपार्टमेंट म्हणजे मी एकटी. माझ्या आधी हे पदच नव्हतं. टेंडरला जोडायचा बार चार्ट बिलिंगचा मुलगा काढून द्यायचा आणि वर्क ऑर्डर हातात पडली की तो कायमचा फायलीला लागायचा.

जानेवारीत आमचे मालक (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) पुण्याला कुठल्याशा सेमिनारला गेले. तिथं एक प्रश्नावली भरून घेतली आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परिपक्वतेत आमची कंपनी पाचपैकी दुसऱ्या पायरीवर निघाली. अण्णांना ते झोंबलं. परत आल्या आल्या मला बोलावलं, "पुढच्या महिन्यापासून आपल्याला ते ईव्हीएम पायजे. मोठ्या कंपन्या करतात ते."

केलं. एक्सेलमध्ये. मार्चअखेरचे आकडे असे:

ठरलेलं काम (पीव्ही) १४.२ कोटी
झालेलं काम (ईव्ही) १२.६ कोटी
प्रत्यक्ष खर्च (एसी) ९.३ कोटी

म्हणजे एसपीआय (झालेलं काम भागिले ठरलेलं काम) ०.८९ आणि सीपीआय (झालेलं काम भागिले खर्च) १.३५.

मिटिंगमध्ये स्क्रीनवर १.३५ दिसल्यावर अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे रुपया घातला की एक रुपया पस्तीस पैशांचं काम होतंय?" मी हो म्हटलं. त्यांनी अकाउंटंटकाकांकडं बघितलं. "मग पाइपवाल्याचा चेक का थांबलाय?" काका टेबलाकडं बघत बसले. साईट मॅनेजर मिशीत हसत होते. माझं तोंड कसं झालं असेल ते विचारू नका.

पीव्ही मी टेंडरच्या दरानं काढली, ईव्ही आरए बिलातून (विभागाला वेळोवेळी देतो ते चालू कामाचं बिल) घेतली, एसी टॅलीतून (अकाउंट्सचं सॉफ्टवेअर). साईटचा रोजचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. परवाचा शब्दशः असा: "खोदाई जोरात चालू. २ पोकलेन. गुड मॉर्निंग."

आता अण्णा म्हणतात हे थोतांड आहे, बंद करा. साईट मॅनेजर म्हणतात, आधी आपण तिसऱ्या पायरीवर जाऊ, मग असली यंत्रं आणू. मला वाटतं, मोजायला सुरुवात केल्याशिवाय आपण कुठल्याच पायरीवर चढणार नाही. कुणाचं बरोबर?

---

टवाळ

सीपीआय १.३५? ताई, तुमच्या कंपनीचे शेअर कुठं मिळतात ते आधी सांगा.

---

मस्कतकर

इकडे ओमानमध्ये गेली नऊ वर्षं कन्सल्टंटला दर महिन्याला अर्न्ड व्हॅल्यूचा रिपोर्ट देतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून. प्रायमावेरातून (प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर) एस-कर्व्ह (प्रगतीचा आलेख) निघतो, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग. आणि आमचे प्रोजेक्ट मॅनेजर खरा हिशेब एका निळ्या वहीत ठेवतात. मध्यंतरी ते सुट्टीवर गेले आणि वही कपाटात राहिली, तर दोन आठवडे कोणालाच कळेना की आपण कुठे आहोत. रिपोर्ट मात्र वेळेवर गेला.

तेव्हा बाहेरच्यासाठी करणार असाल तर करूच नका. बाकी असं वाचलंय की वीस टक्के काम झाल्यावर सीपीआय फारसा हलत नाही. तुमचं तर तीसच्या वर झालंय, म्हणजे आता जो येईल तो धरून चाला.

---

जुना प्लॅनर

ताई, भागाकार बरोबर आहे. अंश एका गावचा आणि छेद दुसऱ्या गावचा, एवढंच झालंय.

आरए बिलाच्या दरात तुमचा नफा, ओव्हरहेड सगळं बसलेलं असतं. टॅलीतला खर्च खरेदीच्या दरानं. ईव्हीला नेहमी बजेटचा दर लावायचा. ३३.५ भागिले ३८ म्हणजे ०.८८, आणि १२.६ चे झाले ११.१ कोटी. (आयटमवार काढाल तर थोडं इकडे तिकडे होईल, अंदाजाला पुरतं.) एवढ्यानंच सीपीआय १.३५ चा १.१९ झाला.

आता अकाउंटंटकाकांकडे जा. मिटिंगमध्ये विचारू नका, त्यांच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसा. विचारा, ३१ मार्चपर्यंत साईटवर माल उतरला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाली, पण बिल टॅलीत चढलं नाही असं किती आहे? आणि पेटी कॉन्ट्रॅक्टरनं (तुमच्या हाताखालच्या छोट्या ठेकेदारानं) काम करून दिलंय पण त्याचं बिल साईट मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये झोपलंय असं किती? टॅली तुम्हाला नोंदवलेलं बिल दाखवते. तुम्हाला हवा झालेला खर्च. माझा अंदाज अडीच कोटी. कमी निघाले तर कळवा, चहा माझ्याकडून.

तिसरी गोष्ट मार्चची. सरकारी कामात मार्चचं आरए बिल हे मोजमाप कमी आणि निधीचं वेळापत्रक जास्त असतं. पैसे ३१ तारखेच्या आत संपवायचे असतात, त्यामुळे रस्त्याकडेला रचलेले पाइपही पुरवठ्याच्या टक्केवारीनं एमबीत (मोजमाप-पुस्तकात) चढतात. त्यात बेकायदा काही नाही, करारातच तशी तरतूद असते. पण रचलेला पाइप म्हणजे झालेलं काम नव्हे. ईव्ही बिलातून घेतलीत की मार्चमध्ये तुम्ही धावता आणि मेमध्ये लंगडता, साईटवर माणसं तेवढीच असताना.

आता मूळ प्रश्न. हे प्रकरण आलं कुठून ते बघा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९६७ साली कंत्राटदारांसाठी ३५ निकष काढले. त्यांनी कोणाला सॉफ्टवेअर दिलं नाही की तक्ता दिला नाही. तुमची पद्धत तुमचीच ठेवा, फक्त ती या निकषांत बसली पाहिजे, एवढंच म्हटलं. १९९८ मध्ये त्याचंच राष्ट्रीय मानक झालं, ७४८ क्रमांकाचं, ३२ मुद्द्यांचं. त्या ३२ ची वाटणी पाहा: संघटना ५, नियोजन आणि बजेट १०, हिशेब ६, विश्लेषण ६, बदल ५. ज्याला आपण ईव्हीएम म्हणतो ते सीपीआय-एसपीआय विश्लेषणाच्या सहांत येतं. उरलेले २६ मुद्दे काम कोणाच्या नावावर, खर्च कोणत्या खात्यावर, बजेट बदललं तर सही कोणाची, असल्या रोजच्या घरकामाचे. तुम्ही सहांपासून सुरुवात केलीत. सगळेच करतात, मीही १९९६ साली केली होती. माझा सीपीआय १.६ आला होता, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

परिपक्वतेच्या पायऱ्यांबद्दल. पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेनं २००३ साली ओपीएम३ नावाचं मॉडेल काढलं, त्यात एक ते पाच अशा पायऱ्या नाहीत. त्यात एकेका कामाच्या पद्धतीबद्दल चार टप्पे विचारतात: ती ठरलेली आहे का, मोजली जाते का, ताब्यात आहे का, सुधारते का. क्रम बघा, ठरवणं आधी आणि मोजणं नंतर. पण संपूर्ण कंपनीनं आधी तिसरी पायरी गाठावी असं कोणी म्हटलेलं नाही. साईट मॅनेजरसाहेबांना तिसरी पायरी हवी आहे कारण ती कधी येणार नाही.

तुमच्या कंपनीतला महिना तीन वेळा संपतो. साईटचा २५ ला, कारण बिलाचं मोजमाप. अकाउंट्सचा ३० ला. आणि पेटी कॉन्ट्रॅक्टरचा मुकादमाला उचल लागेल त्या दिवशी. आधी हे तीन महिने एक करा. एकच तारीख, माझ्या मते २५. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, अण्णांची एक सही लागते.

मग खाती. बीओक्यूत (टेंडरमधल्या कामांच्या यादीत) तीनशे आयटम असतील, त्यांच्या नादी लागू नका. पाच खाती उघडा: पाइप पुरवठा, पाइप टाकणे, टाक्या, शुद्धीकरण केंद्र, बाकी सगळं. पुरवठा आणि टाकणं वेगळंच ठेवा, एकत्र केलंत की मार्चचं भूत परत येतं. टाकण्याला असा नियम: खोदून, पाइप टाकून, जोडून झाला की ७५ टक्के. हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) होऊन चर बुजला की उरलेले २५. मधलं काही नाही, 'जोरात चालू'ला शून्य.

मस्कतकर, वीस टक्क्यांची ती गोष्ट अमेरिकी संरक्षण कंत्राटांच्या आकड्यांवरून निघाली. तिथं निकष तपासून घेतलेली हिशेबपद्धत होती, म्हणून आकडा स्थिर राहिला. या ताईंचा सीपीआय माझ्या दोन परिच्छेदांत १.३५ वरून १.१९ वर आलाय आणि अजून खाली जायचाय. तो धरून काय चालणार?

---

शुक्रवारची टाइमशीट

आयटीवाला आहे, मोजमाप-पुस्तकं कळत नाहीत, पण थोडा उलटा अनुभव लिहितो.

मी हिंजवडीत जिथे काम करायचो ती कंपनी सीएमएमआय लेव्हल ५ होती, म्हणजे परिपक्वतेच्या पाचपैकी सगळ्यात वरच्या पायरीवर. रिसेप्शनवर प्रमाणपत्र, प्रत्येक मॉनिटरवर स्टिकर. जुना प्लॅनर म्हणतात ते सगळं होतं: एक तारीख, एक खातं, बदलाला सही. आणि सगळ्या प्रोजेक्टचा सीपीआय दर महिन्याला ०.९८ ते १.०२. डोंगर नाही, दरी नाही.

कारण शुक्रवारी चार वाजता टाइमशीट भरायची. टास्कला ४० तास ठरले असतील तर ४०च टाकायचे. ५२ टाकले की लीडचा फोन, "अरे, हे काय?" वरचे १२ तास शनिवारी घरून, त्यांची नोंद कुठेही नाही. म्हणजे खर्चाचा आकडाच प्लॅनवरून उतरवलेला. आणि प्रगती? माझं एक मॉड्यूल तीन आठवडे ९० टक्क्यांवर उभं होतं. शेवटी नवीन मॅनेजरबाईंनी नियम लावला, संपलं तर १००, नाहीतर शून्य. पहिल्या महिन्यात एसपीआय ०.६ वर आदळला आणि बाईंचीच बदली होता होता राहिली.

गंमत म्हणजे ती पाच पायऱ्यांची कल्पनाही त्याच घरातली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटनं सीएमएम (सीएमएमआयचा पूर्वज) बनवलं तेही अमेरिकी संरक्षण खात्याच्याच पैशावर. एकाच घरची दोन भावंडं, आमच्याकडे एकमेकांशी बोलत नव्हती.

माझं मत: वाईट आकडा आणणाऱ्याला मिटिंगमध्ये झापतात अशी कंपनी असेल तर तारखा आणि खाती जुळवूनही लोक आकडा शिजवतील. मोजपट्टी, तुमच्या साईट मॅनेजरला भीती कशाची आहे ते आधी शोधा. आणि पहिले तीन महिने रिपोर्ट अण्णांना दाखवूच नका.

---

जुना प्लॅनर

पहिलं अर्धं पटलं. अमेरिकी नौदलाचं ए-१२ नावाचं विमान होतं, जानेवारी १९९१ मध्ये प्रकल्पच रद्द केला. तिथं पद्धत होती, निकष होते, खर्च हाताबाहेर चाललाय हे आकडे सांगत होते. चौकशीत निघालं की आकडे पाहून काढलेला वाईट अंदाज वरच्यांनी मागं सारला आणि गोड अंदाज पुढं नेला. तेव्हा घाबरट घरात आरसा टांगून उपयोग नाही, कबूल.

पण मालकापासून लपवायचं हे अजिबात पटत नाही. पन्नास माणसांच्या कंपनीत अण्णांना दोन दिवसांत कळेल, आणि मग मुलीची नोकरी जाईल, तुमची नव्हे. दाखवा, पण एकेक खातं दाखवा. आणि निर्देशांकाआधी किलोमीटर दाखवा. अण्णांना सीपीआय कळत नसेल, किलोमीटर कळतो.

---

मोजपट्टी

काका, तीन आठवड्यांनी लिहितेय, रागावू नका.

स्टूल घेऊन बसले. अकाउंटंटकाका आधी म्हणाले की टॅलीत आहे तेवढंच आहे. मग दुपारी चहा झाल्यावर स्वतःच उठून एक बॉक्स फाइल काढून आणली. जीआरएन झालेली, दर ठरायची राहिलेली बिलं. तिथले १.४ कोटी. उरलेलं बघायला साईटवर गेले. मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये, मोबाइल चार्जर आणि चुन्याच्या डबीखाली, पेटी कॉन्ट्रॅक्टरांची १७ बिलं होती. एक पोकलेनवाल्याचं, डिझेलच्या डागानं आकडाच वाचता येत नव्हता, त्याला फोन करून विचारला. मिळून ९० लाख. म्हणजे एकूण २.३ कोटी. अडीचपेक्षा कमी, चहा लागू.

एसी ११.६ कोटी, ईव्ही ११.१. सीपीआय ०.९६.

पाइप टाकण्याचं खातं वेगळं केलं. मार्चअखेर ३१ किमी ठरलं होतं. टाकलेले २२ किमी, त्यातले टेस्ट झालेले फक्त ९. तुमच्या नियमानं २२ गुणिले ०.७५ म्हणजे १६.५, अधिक ९ गुणिले ०.२५ म्हणजे २.२५. एकूण १८.७५ किमी. एसपीआय ०.६०.

अण्णांना सीपीआय दाखवलाच नाही. कागदावर एवढंच लिहून नेलं: ठरलेले ३१, टाकलेले २२, तपासलेले ९. ते बराच वेळ त्या नऊवर बोट ठेवून बसले. मग साईट मॅनेजरना फोन लावला, स्पीकरवर. "टेस्टिंग का अडलंय?"

पलीकडून उत्तर आलं, "अण्णा, पाणी नाय."

पाण्याची योजना, आणि पाइपात भरून बघायला पाणी नाही. साहेबांनी फेब्रुवारीत टँकरचे पैसे मागितले होते. अकाउंट्सनं परत पाठवले, कारण 'टेस्टिंगचं पाणी' असं हेडच बजेटमध्ये नव्हतं. ते बजेट मी केलेलं. शुक्रवारवाले दादा, तुम्ही भीती शोधा म्हणालात ना? साहेबांना भीती माझ्या एक्सेलची नव्हती. दोनदा मागून पैसे मिळाले नाहीत, तिसऱ्यांदा मागायची लाज वाटत होती आणि 'खोदाई जोरात चालू' लिहिणं सोपं होतं.

टँकर मंजूर झाले. पाइप २५० मिमीचा, किलोमीटरला साधारण ४९ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. व्हॉट्सॲपवर आता मीटरमध्ये आकडा येतो. गुड मॉर्निंग अजून येतं.

तारखेचं जमलं नाही. अकाउंटंटकाका म्हणतात, जीएसटीमुळे त्यांचा महिना ३० लाच संपणार. अण्णांनी सही केली तरी ते २५ चं वेगळं काढून देत नाहीत, मीच पाच दिवस वजा करत बसते.

आणि नवा घोळ. सहा किमीत कठीण खडक लागलाय, टेंडरमध्ये मुरूम धरलेला. एक्स्ट्रा आयटमचा प्रस्ताव दिलाय, मंजुरी नाही. खडक फोडायचा ब्रेकर रोज चालतोय. हा खर्च एसीत घातला तर सीपीआय रसातळाला जातोय. साहेब म्हणतात, मंजुरी येणारच आहे, ईव्हीत आत्ताच धरा.

---

टवाळ

शेअर राहू दे. टँकरचं कंत्राट आहे का?

---

जुना प्लॅनर

टँकरचं आधी. सगळ्या १३ किमीला पाच-पाच टँकर मागवू नका. सेक्शन करा, एकाची टेस्ट झाली की तेच पाणी व्हॉल्व्ह उघडून किंवा पंपानं पुढच्यात घ्या. उतार कुठे आहे तो पाहून क्रम लावा. निम्म्याहून कमी टँकर लागतील.

पाच दिवस वजा करता ते चालू द्या, पण दर महिन्याला सारख्याच पद्धतीनं करा आणि ती पद्धत कागदावर लिहून अकाउंटंटकाकांची सही घ्या. उद्या तुम्ही सोडून गेलात तर ती वजाबाकी तुमच्याबरोबर जाता कामा नये.

खडक. खडक फोडायला विभागाचा लेखी आदेश आहे का? असेल तर सहावं खातं उघडा, तुमच्या अंदाजानं बजेट घाला, मंजूर दर आला की दुरुस्त करा. तोंडी "चालू द्या" असेल तर खर्च त्या सहाव्या खात्यात पडू द्या आणि ईव्ही शून्य ठेवा. पाचांचा सीपीआय शाबूत राहील आणि सहाव्यातला खड्डा अण्णांना दर महिन्याला दिसेल, म्हणजे ते स्वतः विभागात जाऊन बसतील. ब्रेकरचे तास, चेनेज (लाइनवर कितव्या मीटरला) आणि फोटो रोजच्या रोज तारखेसह ठेवा. जॉइंट मेजरमेंट (विभागाबरोबर मिळून मोजमाप) चर बुजायच्या आत करून घ्या. माती ढकलल्यावर खडक कोणालाच दिसत नाही.